आबांचं नाव कचरू

माझ्या वडिलांचं नाव कचरू. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला पन्नास वर्षं लागली. शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या अर्जांवर मी हे नाव जमेल तितक्या बारीक अक्षरात लिहीत आले. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव येतं आणि ते रोज हजेरीत वाचलं जातं. लोणावळ्याच्या शाळेत आमचे वर्गशिक्षक माझं पूर्ण नाव वाचायचे. मधल्या शब्दाशी आले की मागच्या बाकांवरून कुणीतरी नाक दाबून आवाज काढायचं. सरांना ते ऐकू जायचं. ते किंचित हसायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. त्या मुलांचा मला राग यायचा, पण तो पुढे विरला. सरांची मात्र किळस आली होती, ती अजून तशीच आहे.

गेली सव्वीस वर्षं मी तळेगावच्या एका शाळेत मराठी शिकवते. आता हजेरी मी घेते. नोकरीला लागले तेव्हा मुलांच्या बापांच्या नावांत अधूनमधून एखादा कचरू, एखादा धोंडू, एखादा केरबा सापडायचा. आता एकही नाही. यंदा सातवीच्या माझ्या वर्गात तीन आरव आहेत. एकदा हाक मारली की तिघं ओ देतात. कचरू हे नाव आमच्या मावळात कुणी ठेवायचं थांबवलं, कधी थांबवलं, हे कुणी सांगू शकणार नाही. जुनी माणसं जाताना आपापलं नाव घेऊन गेली, एवढंच.

या नावाचा अर्थ शोधायला शब्दकोश लागत नाही. कचरू म्हणजे कचरा. ते का ठेवलं हे मला आत्याने सांगितलं. आत्या आबांची थोरली बहीण. आमचं गाव टाकवे, ती गावातच दिलेली, आजही तिथेच असते. मी बारा वर्षांची असताना सुट्टीत तिच्याकडे गेले होते. शाळेतल्या त्या नाक दाबण्याबद्दल मी तिला रडून सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता बोलली.

"तुज्या आजीचं तीन ल्योक गेलं. पयला म्हैन्याचा, दुसरा सवा वरसाचा, तिसरा तर पाचवी पुजायच्या आदीच. चवथा तुजा बाप. मी आट वरसाची व्हते, म्या डोळ्यानं बगितलंय. सुईनीनं नाळ कापली, फडक्यात गुंडाळला आन् मागल्या दारानं नेऊन उकिरड्यावर ठिवला."

"उकिरड्यावर?"

"व्हय. शेन, राख, केर, समदं तितंच की. मग शेजारची म्हातारी आली, जनू काय वाटंनं चाललीया. म्हनली, हा कुनाचा कचरा पडलाय हितं? आई दारातनं म्हनली, मला दे. म्हातारी म्हनली, सूपभर कोंडा दे. कोंडा दिला आन् ल्योक इकत घेतला. तवापास्नं कचरू."

"पण कशाला?"

"मरान येतं ते चांगलं चांगलं बगून उचलतं बाय. कचऱ्याकडं कोन बगतंय?"

नुकतं जन्मलेलं, ओलं, रक्ताने चिकट झालेलं पोर आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या एवढंच मला दिसत राहिलं. त्या दिवशी मी जेवले नाही. आत्याला ते आवडलं नाही. "किळस करतीस व्हय," ती म्हणाली, "त्यानंच जगला त्यो." आबांच्या डाव्या नाकपुडीला एक बारीक भोक होतं, बुजलेलं. तेही त्याच बेताचा भाग होता, मुलगी आहे असं वाटावं म्हणून टोचलेलं. तोवर मला वाटायचं ती देवीच्या आजाराची खूण असेल.

गावात आणखी एक कचरू होता, पाटलांच्या घरात. त्याच्याही आधीची भावंडं गेली होती, त्यालाही तसंच उकिरड्यावर ठेवून परत घेतलं होतं. पण त्याला सगळे कचरूभाऊ म्हणत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आणि आबांना हाक असायची, "ए कचऱ्या." एकाच नावाची ही दोन रूपं मी लहानपणी कानांनी ऐकलेली आहेत.

छप्पन्न साली आमच्या घराण्याने धर्म बदलला तेव्हा आबा सहा-सात वर्षांचे होते. घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. त्या वेळी बऱ्याच जणांनी पोरांची नावंही बदलली. आजोबा म्हणाले, याचंही बदलू. आजीने ऐकलं नाही. देव गेले तर जाऊ देत, पण या नावाने पोरगं वाचलंय, ते मी काढू देणार नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मग मास्तरांनी दाखल्यात कचरू असंच लिहिलं.

आम्ही भावंडं वाढलो लोणावळ्याजवळच्या कुसगावात. एका मोठ्या बंगल्याच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे आई, आबा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा भाऊ. मालक मुंबईचे. ते स्वतः कमी यायचे, त्यांची मित्रमंडळीच जास्त यायची. आबा झाडांना पाणी घालायचे, मोटर लावायचे, गेट उघडायचे आणि लोक गेले की मागचं सगळं आवरायचे. सोमवारी सकाळी त्या हॉलचं दार उघडल्यावर जो वास यायचा तो मला आजही डोळे मिटून ओळखता येईल. सांडलेली दारू, रात्रभर उघडा राहिलेला मटणाचा रस्सा, त्यात विझवलेल्या सिगारेटी. बाळांचे वापरलेले डायपर सोफ्यामागे कोंबलेले. एकदा पोहायच्या हौदात कुणीतरी ओकून ठेवलं होतं, ते आबांनी पानं काढायच्या जाळीने गोळा केलं. ही शिकलेली, अत्तर लावणारी माणसं होती. आबांनी कधी नाकाला फडकं लावलं नाही. मालकीणबाईंना त्यांचं नाव तोंडात घ्यायला नको वाटायचं, त्या "ए भैया" म्हणायच्या.

मी चौदा वर्षांची असताना एका रविवारी दुपारी आईने चिरलेल्या कांद्या-लिंबाचं ताट देऊन मला बंगल्याच्या हिरवळीवर पाठवलं. तिथे दहा-बारा पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. आबा बर्फाचं भांडं घेऊन उभे होते. एका जाड्या माणसाने विचारलं, "भैया, तुम्हारा नाम क्या है?"

"कचरू, साहेब."

"क्या?"

"कचरू."

"मतलब, कचरा?"

सगळे हसले. एक बाई म्हणाली, "अरे मत करो ना, बुरा लगेगा उसको," आणि तीच तोंडावर रुमाल धरून हसत राहिली. त्या माणसाने हातातलं कोंबडीचं चोखलेलं हाड आबांच्या पायाशी गवतावर टाकलं. "लो," तो म्हणाला, "तुम्हारा भाई."

आबा वाकले. हाड उचलून त्यांनी तळहातावर घेतलं, आणि हसले.

त्या हाडाची, त्या माणसाच्या तुपकट बोटांची मला किळस आलीच. पण सगळ्यात जास्त आली ती आबांच्या हसण्याची. त्या संध्याकाळी त्यांनी माठातलं पाणी भरून तांब्या माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. त्यांनी तांब्या आणखी पुढे केला. मग म्हणाले, "साबनानं हात धुतल्यात बाय म्या."

मी तरीही घेतला नाही. आपल्या आयुष्यातल्या काही गोष्टींसाठी माफी मागायची राहून जाते, तशी ही राहिली आहे. आबांना ती आठवते का हे मी कधी विचारलेलं नाही.

मी शिकले, बी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न ठरलं. सासरची माणसं तळेगावची, बँकेत आणि शाळांत नोकऱ्या करणारी, आमच्याच समाजातली, पण दोन पिढ्यांपासून शहरात राहिलेली. त्यांच्याकडे नावं नीटनेटकी होती. पत्रिकेचा मजकूर मी लिहिला. वडिलांच्या नावाच्या जागी मी फक्त इंग्रजी अक्षरं घातली, "के. आर." आणि पुढे आडनाव. आबांना वाचता यायचं. छापून आलेली पत्रिका त्यांनी उलटसुलट करून बघितली.

"हे के म्हंजी कोन?"

"तुम्हीच की आबा. जागा कमी होती कागदावर."

"आस्सं," ते म्हणाले, आणि पत्रिका टेबलावर ठेवून दिली. त्या कागदावर जागा भरपूर होती. गुलाबी कमळांची वेलबुट्टी मावेल एवढी होती.

लग्नानंतर माझ्या नावातून आबांचं नाव गेलं, नवऱ्याचं आलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. भावाला ती सोय नव्हती.

भाऊ इंजिनियर झाला. तळेगावजवळच्या एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर लागला. सोसायटीत फ्लॅट घेतला. आई गेल्यावर आबांनी बंगल्याचं काम सोडलं आणि ते भावाकडे राहायला आले. त्याला मुलगा झाला. बारशाला भावजयीच्या माहेरची बरीच माणसं होती. नाव ठेवलं आरव. भावाने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि कौतुकाने सांगितलं, "आरव म्हणजे शांत. संस्कृत आहे, ताई."

"संस्कृत आहे खरं," मी म्हणाले, "पण आरव म्हणजे आवाज. ओरडणं, गलका. शांत कुठून आलं?"

भावजय म्हणाली, "नेटवर सगळीकडे शांतच दिलंय."

आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. त्यांनी मला खुणेने विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, आवाज. "मग बरंय की," ते म्हणाले, "रडतंय बी लय." मला हसू आलं. तेवढ्यात भावजयीच्या कुणा मामांनी आबांना नाव विचारलं आणि आबांनी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "सगळे आबाच म्हणतात त्यांना." ते इतक्या सराईतपणे आलं की मी त्याच्याकडे बघत राहिले. हे तो रोज करत असणार.

भावावर काय ओढवलं होतं ते मला नंतर कळलं. ऑफिसात कसल्याशा कागदांची पडताळणी चालली होती. तिथे त्याचं पूर्ण नाव कुणीतरी मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाखालच्या केराच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, "पप्पा". त्याच्यासोबत रोज डबा खाणारी, ट्रेकला जाणारी माणसं ही. त्याने चिठ्ठी काढून टाकली आणि हसण्यात त्यांना साथ दिली. मला हे सांगतानाही तो हसायचा प्रयत्न करत होता. तेव्हा मला त्याच्याबद्दल माया वाटली, आणि त्या माणसांच्या तोंडावर थुंकावं असं वाटलं.

त्याने राजपत्रात नाव बदलायचं ठरवलं. स्वतःचं नाही, आबांचं. म्हणजे पाठोपाठ त्याच्या नावातला मधला शब्दही बदलता येईल. माझ्याशी बोलताना त्याने मोठी कारणं दिली. "ताई, आपण धर्म बदलला. हे नाव त्या जुन्या अंधारातलं आहे. गुलामीची खूण आहे. ती किती पिढ्या अंगावर बाळगायची?" हे बोलणं खोटं नव्हतं. पण तो ते बोलत होता केराच्या डब्यावरची चिठ्ठी आठवून, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आबांना घेऊन तो वडगावला गेला. मीही बरोबर होते. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टाइप करणारे बसतात, त्यांतल्या एकाने प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि वाचून दाखवलं: मी अमुक, यापुढे किशोर या नावाने ओळखला जाईन.

"किशोर म्हंजी?" आबांनी मला विचारलं.

"म्हणजे… तरणा होत असलेला मुलगा," मी म्हणाले.

आबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. टाइपवाला गालात हसला. आबांनी पेन घेतलं. "कुटं करू सही?" विचारलं, आणि टाइपवाल्याने बोट ठेवलं तिथे सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहीत सही केली. त्यांना जुन्या नावाचीच सही येत होती. टाइपवाला म्हणाला, चालेल, ही शेवटची. परतताना गाडीत आबा एकदाच बोलले. "आयनं कोंडा दिल्ता," ते म्हणाले. भावाने रेडिओ लावला.

आधार कार्ड बदललं, बँकेचं पुस्तक बदललं, कंपनीच्या मेडिक्लेममध्येही किशोर लागलं. घरात कुणालाच फरक पडला नाही. घरात ते आबाच होते, आणि गावी गेले की कचरूआबा.

दोन वर्षांनी आबा सोसायटीच्या जिन्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. तळेगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं होतं, आत एका वेळी एकालाच सोडत होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चारच्या सुमाराला भेटायला गेले. दाराबाहेर भाऊ त्याच्या कंपनीतल्या साहेबांशी बोलत उभा होता. साहेब फळांची पिशवी घेऊन आले होते. ते गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळला.

"आबांचं डोकं जरा बिघडलंय ताई. भूल दिल्यावर या वयात होतं म्हणाले डॉक्टर. उद्या मेंदूचा स्कॅन करणार आहेत."

"काय करतायत आबा?"

"सलाईन उपटायला बघतात. नर्सच्या अंगावर ओरडले. हात बांधावे लागले."

आबा आयुष्यात कुणाच्या अंगावर ओरडले नव्हते. मी विचारलं, "बोलतात काय पण?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "नाव चुकीचं सांगतात."

"कुठलं सांगतात?"

तो मोबाइल काढून बघायला लागला.

मला कळायला दोन-तीन क्षण लागले. "तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

"साहेब उभे होते समोर," तो म्हणाला. "डॉक्टरांनी विचारलं, हे आधीपासून विसरतात का. मी म्हणालो, हो, थोडं थोडं."

मी त्याच्याकडे बघितलं. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातांना सॅनिटायझरचा वास. बंगल्याचा हॉल उघडताना यायची तशी किळस मला आली. बाप वेडा ठरला तरी चालेल, कचरू ठरायला नको, असा हिशोब माझ्या भावाने एका क्षणात केला होता.

आत गेले. आबांची दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती. पट्टीखालची कातडी लाल झाली होती. ओठांच्या कडेला वाळलेली लाळ. उशीशेजारी एक ट्रे ठेवलेला होता. नर्स साधी, कामसू मुलगी होती. ती म्हणाली, "सकाळपासून असंच आहे मॅडम. नाव विचारलं की कचरा कचरा करतात. मला वाटलं थुंकायचंय, म्हणून ट्रे दिला, तो ढकलला. मग इंजेक्शन द्यायला गेले तर म्हणतात, ती सुई किशोरची आहे, मला नका टोचू. तुम्ही विचारून बघा."

मी वाकले. "आबा, तुमचं नाव काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. "तू बी इचारतीस व्हय," ते म्हणाले.

मी सरळ उभी राहिले. त्या खोलीत सहा पेशंट होते, डॉक्टर दुसऱ्या पलंगाशी होते, भाऊ दारात आला होता. मी म्हणाले, "यांचं नाव कचरू आहे. जन्मापासून. कागदावर किशोर आहे, ते दोन वर्षांपूर्वी आम्ही लावलेलं. हे शुद्धीत आहेत. सकाळपासून बरोबर सांगतायत." आबांचं नाव मोठ्याने, चार माणसांत मी पहिल्यांदाच घेत होते.

नर्सच्या तोंडावर आधी हसू फुटायला आलं. ते तिने दाबलं. मग तिचा चेहरा पडला. "खरंच हेच नाव आहे?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पट्ट्या सोडायला लागली. डॉक्टर तरुण होते. ते येऊन आबांना म्हणाले, "आजोबा, आपण कुठे आहोत?"

"तळेगावात, दवाखान्यात. माजा खुबा मोडलाय. तुमी कापलाय," आबा म्हणाले. "पानी द्या जरा."

डॉक्टर दाराकडे वळून भावाला म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं की हे विसरतात." त्यांचा आवाज चढला नव्हता. भावाने खाली बघितलं. स्कॅनचा कागद डॉक्टरांनी तिथेच फाडला.

मी आबांना पाणी पाजलं. त्यांनी मनगटं चोळली आणि पहिली गोष्ट विचारली, "त्यानं काय खाल्लं का? सकाळपास्नं हुबा हाय." त्या मायेचासुद्धा मला त्या घडीला वीट आला. किती गिळायचं माणसाने?

खाली गाड्या लावायच्या जागेत मी भावाला गाठलं. जे मनात होतं ते बोलले. तो सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "झालं तुझं? तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवर काय छापलं होतंस ताई?"

मला वाटलं होतं त्याला ते आठवत नसेल. तेव्हा तो कॉलेजात होता, पत्रिका वाटायला माझ्याबरोबर घरोघर फिरला होता.

"मी त्यांना बांधून घातलं नव्हतं," मी म्हणाले.

"बांधायची वेळ आली नाही म्हणून," तो म्हणाला.

दोन्ही बाजूंना गाड्या होत्या, कुणाच्या तरी गाडीतून तेल गळून जमिनीवर चिकट डाग पडला होता, आणि आम्ही दोघं शिकलेली भावंडं त्या डागाच्या दोन बाजूंना उभी होतो. मला त्याची जेवढी किळस आली तेवढीच माझी आली. स्वतःची आली म्हणून त्याची कमी झाली असं मात्र काही झालं नाही.

आबा बरे झाले. घरी सोडायच्या दिवशी ते म्हणाले, "मला टाकव्याला घिऊन चला, बायकडं." त्यांची बाय म्हणजे आत्या. ती विधवा, एकटी, तिलाही सोबत हवी होती. भाऊ फ्लॅटवर चला म्हणाला, मी माझ्याकडे चला म्हणाले. ते दोघांनाही नको म्हणाले, रागाने नव्हे. काठी घेऊन ते आता अंगणात फिरतात. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण हाक मारतो, "कचरूआबा, बरं हाय का?" आणि ते म्हणतात, "व्हय, बरं हाय."

एकदा मी त्यांना विचारलं, "ते राजपत्रातलं परत बदलून घेऊ का आबा? तुमचं नाव परत लावू."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"का पण?"

"त्या नावानं मला कवा कोनी हाक मारली? मी इसरलोच व्हतो. दवाखान्यात ती पोरगी किशोर किशोर कराय लागली, मला वाटलं बाजूच्याची सुई मला टोचतीया." त्यांनी काठी जवळ ओढली. "त्याच्या हापिसात त्याला तरास हुतो. असू दे त्याला."

"तुम्हाला राग नाही आला त्याचा?"

"आल्ता की," आबा म्हणाले. "हात बांधलं तवा आल्ता. त्यो आत येत न्हवता, दारातनं बगत व्हता. लय आल्ता." एवढं बोलून त्यांनी आत्याला चहा टाकायला सांगितलं. त्याहून जास्त ते या विषयावर कधी बोलले नाहीत.

भाऊ महिन्यातून एखाद्या रविवारी टाकव्याला येतो. फळं आणतो, औषधं आणतो, आबांचे पाय दाबतो. यात काही खोटं नाही. गेल्या खेपेला मीही तिथे होते. आम्ही एकमेकांशी चहा-पाण्यापुरतं बोललो. अंगणात आबांच्या बरोबरीचे दोन म्हातारे येऊन बसले होते आणि कचरू, अरे कचरू करत जुन्या गोष्टी काढत होते. प्रत्येक हाकेला भावाच्या जबड्यातली शीर हलत होती. मला ती दिसत होती, आणि ती बघणं मला थांबवता येत नव्हतं. त्याच्याबद्दलचं माझं मन निवळावं असं मला वाटतं. ते निवळलेलं नाही. जेवताना त्याचा हात भाकरीच्या टोपलीत गेला की मी माझी भाकरी आधी काढून घेते, आणि हे करताना स्वतःचीच शिसारी येते.

निघायची वेळ झाली. भाऊ गाडीत बसला. अंगणाचं तोंड अरुंद, एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला दगडी बांध. गाडी मागे घ्यायला जागा कमी. मी ओट्यावरून उठले नाही. आबा काठी टेकत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हाताने खुणा करू लागले. "यिऊ दे, यिऊ दे. डाव्या अंगाला घे. बास, बास." गाडी रस्त्याला लागेपर्यंत ते तिथेच उभे होते.